गाडीची आंघोळ



उद्या खंडेनवमी, परवा दसरा. उद्या आपल्या गावात नांगर, कोयते, कुऱ्हाडी घासूनपुसून पुजल्या जातील. शिंपी आपले शिवणयंत्र पुसेल. गवंडी थापी आणि ओळंबा धुईल. आणि दारात उभ्या असलेल्या मोटारी, टेम्पो, ट्रॅक्टर, फटफट्या यांनाही आंघोळ घातली जाईल.

म्हणून आपल्या वर्गाचे गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही मुंबईत वीस वर्षे गाड्या धुतल्या. ती विद्या एक दिवस वर्गाला सांगा."

मी म्हटले, "गुरुजी, ही कसली विद्या? एक बादली आणि एक फडके!"

गुरुजी हसले. म्हणाले, "भाकरी म्हणजे तरी काय? पीठ आणि पाणी. पण प्रत्येकाची भाकरी फुगते का?"

यावर मला काही बोलता आले नाही. म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. मी काही भाषण करणारा माणूस नाही. हातांनी जे केले तेवढेच तोंडाने सांगणार आहे. चुकलो तर सांभाळून घ्या.

बैल आणि मोटार

आपल्याला जनावरे धुण्याची सवय आहे. पोळ्याला आपण बैल नदीवर नेतो. गवताची चूड घेतो आणि बैलाला खसाखसा घासतो. बैल डोळे मिटून उभा राहतो. त्याला ते आवडते. चुकून कुठे खरचटले, तर चार दिवसांत खपली धरते आणि कातडे पुन्हा भरून येते.

हीच सवय आपण मोटारीला लावतो. इथेच चूक होते. मोटारीची कातडी पुन्हा भरून येत नाही. एकदा चरा पडला की तो पडला.

काल संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. एक तरुण आपला नवा टेम्पो धूत होता. हातात भांडी घासायचा काथ्या, शेजारी कपडे धुण्याची पूड. काथ्या जमिनीवर पडला की तो उचलायचा आणि तसाच दारावर घासायचा. मनाने तो टेम्पोवर मायाच करत होता. पण त्याचा हात टेम्पोचे नुकसान करत होता. तो आज इथे बसला आहे. त्याला नाव घेऊन लाजवणार नाही. मीही एके काळी त्याच्यासारखाच होतो.

माझी पहिली चूक

१९८८ साली मी मुंबईला गेलो. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दादरला आमच्या गावचे एक काका होते. त्यांनी मला एका इमारतीत गाड्या पुसायचे काम लावून दिले. पहाटे पाचला उठायचे आणि लोक कामाला निघायच्या आत सगळ्या गाड्या पुसून ठेवायच्या. गाडीमागे महिना चाळीस रुपये मिळत.

तिथे एक काळी फियाट होती. मालक ती जपून वापरीत. मला वाटले, ही गाडी आपण अशी चकचकीत ठेवू की मालक खूश होतील. म्हणून मी रोज कोरडे फडके घेऊन ती जोर लावून पुसायचो. रात्रभर साचलेली धूळ फडक्याने गोल गोल फिरवून काढायचो. पाणी वाहून आणावे लागे, म्हणून पाण्याचा कंटाळा करायचो.

दोन महिने गेले. एका रविवारी मालकांनी गाडी उन्हात उभी केली आणि मला हाक मारली. मी बघितले तर सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेघा! सावलीत त्या दिसत नव्हत्या. ऊन पडताच सगळ्या चमकू लागल्या. मालकांनी माझा एक महिन्याचा पगार कापला. शिव्या दिल्या नाहीत, मारले नाही. फक्त म्हणाले, "मुला, तू गाडी पुसली नाहीस. तू ती खरवडलीस."

त्या महिन्यात मी आईला मनिऑर्डर पाठवू शकलो नाही. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

शेजारच्या गाडीवर एक म्हातारे ड्रायव्हर होते. ते मला बाजूला घेऊन गेले. माझ्या तळहातावर त्यांनी चिमूटभर धूळ ठेवली आणि ती एका जुन्या काचेवर बोटाने घासायला सांगितली. काचेवर चरे पडले. ते म्हणाले, "काचेचे हे होते, तर रंगाचे काय होईल?"

मंडळी, माझी शाळा ती. आज तुम्हाला जे सांगतो आहे ते मी तिथून शिकलो.

रंग किती जाड असतो?

मोटारीचा पत्रा पोलादाचा असतो. उघड्या पोलादाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. म्हणून कारखान्यात त्याच्यावर एकावर एक थर देतात. आपण भिंतीला आधी गिलावा करतो, मग चुना देतो, तसेच हे. सर्वांत खाली गंज रोखणारा थर. त्याच्यावर अस्तर. त्याच्यावर लाल, पांढरा, निळा असा रंग. आणि आजकालच्या बहुतेक गाड्यांना सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. चमक येते ती या वरच्या थरामुळे.

आता हे सगळे थर मिळून किती जाड असतील? हातभर? बोटभर? नाही. तुमच्या समोर जी वही आहे तिचे एक पान चिमटीत धरा. सगळे थर मिळून अशा एकदोन पानांएवढे भरतात. आणि वरचा चमकणारा थर एका पानापेक्षाही पातळ असतो.

एवढ्याशा थरावर आपली गाडी उभी असते. ऊन, पाऊस, चिखल, खताची पूड, सगळे तोच झेलतो.

आणि धूळ म्हणजे काय? धूळ म्हणजे बारीक केलेले दगड. तिच्यात वाळूचे कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. फडक्याखाली एक कण सापडला की फडके पुसत नाही, कानसच चालवते. म्हणून पहिला नियम लिहून घ्या:

धुळीच्या गाडीला कोरडे फडके लावायचे नाही.

फळ्यावर गुरुजींनी लिहिले आहे. वहीत उतरवून घ्या.

धुण्याआधी

गाडी सावलीत उभी करा. उन्हातून आलेली असेल तर बॉनेटला हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि त्याचे डाग पडतात. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ चांगली.

इंजिन बंद करा. ब्रेक ओढून ठेवा. चाकाला दगड लावा. पोरे गाडीखाली जात नाहीत ना, बघा.

मग आपले हात बघा. बोटात अंगठी आहे? मनगटात कडे, घड्याळ, बांगड्या आहेत? काढून ठेवा. कमरेच्या पट्ट्याचे लोखंडी बक्कल दाराला घासते, तेही ध्यानात ठेवा. मी मुंबईत असे कितीतरी चरे बघितले. फडके मऊ असते, साबण चांगला असतो, आणि चरा पडतो तो अंगठीने.

आता सामान. दोन बादल्या घ्या. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी नुसत्या पाण्याची. एक मऊ फडके किंवा मऊ हातमोजा धुण्यासाठी. एक वेगळे फडके चाकांसाठी. एक स्वच्छ, कोरडे फडके शेवटी टिपून घेण्यासाठी. बाजारात मायक्रोफायबरची फडकी मिळतात. ती धूळ आपल्या पोटात धरून ठेवतात. ती नसतील तर जुने, धुतलेले, मऊ सुती कापड चालेल. पण त्याला बटण, हूक, जरीचा काठ राहिला नाही ना, हे बघा.

काथ्या नको. राख नको. भांड्यांची तारेची घासणी तर नकोच नको.

कपडे धुण्याची पूडही नको. ती कपड्यातला तेलकट मळ काढायला केलेली असते. गाडीवर लावलेले मेण ती धुऊन नेते. गाडीसाठी वेगळा सौम्य साबण मिळतो. तो किती पाण्यात किती घालायचा, हे डबीवर लिहिलेले असते. पूर्वी आपण अंदाजाने ओतत होतो. आता तुम्हाला वाचता येते. डबी हातात घ्या आणि वाचा.

काही जण चमक यावी म्हणून रॉकेल नाही तर डिझेल चोळतात. चार तास गाडी चमकते. मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि दाराकाचांची रबरे खराब होतात. ही खोड सोडा.

धुण्याची रीत

आता प्रत्यक्ष आंघोळ.

पहिली पायरी: नुसते पाणी. गाडीला हात न लावता वरून खाली पाणी सोडा. टपापासून सुरू करा. मग काचा, बॉनेट, दारे. नळी नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी घ्या. चिखल वाळला असेल तर पाणी मारून थोडा वेळ थांबा. तो भिजला की आपोआप सुटतो. नखाने किंवा काटकीने खरवडू नका. आणि फवारणीचा पंप यासाठी वापरू नका. त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो. तो अंगावर उडाला तर जिवावर बेतेल.

दुसरी पायरी: चाके. चाकांवर सर्वांत जास्त घाण असते. ती आधी धुऊन घ्या. चाकांचे फडके चाकांनाच. ते गाडीच्या अंगाला लावायचे नाही. पायपुसण्याने आपण तोंड पुसतो का? तसेच हे.

तिसरी पायरी: साबण. मऊ फडके साबणाच्या पाण्यात बुडवा. टपावर ठेवा आणि हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा. गोल गोल नको. जोर नको. फेसच मळ सोडवतो, हाताने फक्त त्याला वाट दाखवायची. एक भाग झाला की फडके आधी नुसत्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या. पिळा. मग पुन्हा साबणाच्या बादलीत बुडवा.

दोन बादल्या कशासाठी, ते आता कळले ना? फडक्यातली माती नुसत्या पाण्यात तळाशी बसते. साबणाचे पाणी स्वच्छ राहते. एकच बादली असेल तर काढलेली माती आपण पुन्हा गाडीवरच घासत राहतो.

नेहमी वरून खाली या. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी. तिथे रस्त्याची खडी-माती उडालेली असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: फडके जमिनीवर पडले तर ते बाजूला ठेवा. दुसरे घ्या. दुसरे नसेल तर वेगळ्या पाण्यात चांगले धुऊन, झटकून, हाताने चाचपून मगच वापरा.

चौथी पायरी: साबण वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुऊन टाका.

पाचवी पायरी: टिपून घ्या. स्वच्छ, मऊ फडके पत्र्यावर पसरा आणि अलगद ओढा. पाणी आपोआप शोषले जाते. तान्ह्या मुलाचे अंग आई कशी टिपते? चोळते का? तसेच टिपा.

ही पायरी चुकवू नका. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. ते नुसते वाळू दिले तर पाणी उडून जाते आणि त्यातला क्षार मागे राहतो. त्याचेच पांढरे ठिपके पडतात. घरातल्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तोच हा क्षार. ठिपके जुने झाले तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून, गार पत्र्यावर हलकेच फिरवावे आणि लगेच धुऊन टाकावे.

धुऊन झाल्यावर गाडी काढाल तेव्हा पहिल्यांदा हळू चालवा आणि दोनचार वेळा ब्रेक हलके दाबून बघा. ओले ब्रेक लगेच नीट धरत नाहीत.

पाण्याची जाण

आता कोणी म्हणेल, "इथे प्यायला पाणी नाही आणि हे गाडीला आंघोळ घाला म्हणतात!"

बरोबर आहे. २०१६ साली लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. ते आपण विसरता कामा नये. नळी मोकळी सोडून गाडी धुणे हे पाप आहे. माझी लहान गाडी मी चार बादल्यांत धुतो. उन्हाळ्यात टंचाई असली तर काचा, दिवे आणि नंबरपाटी ओल्या फडक्याने साफ ठेवतो, बाकीची गाडी तशीच राहू देतो. धूळ बसलेली गाडी चालते. कोरडी घासलेली गाडी चालत नाही. धूळ आपण होऊन चरा काढत नाही, आपला हात काढतो.

आणखी एक. गाडी नदीत, ओढ्यात, तळ्यात धुऊ नका. गाडीखालचे तेल आणि साबण पाण्यात मिसळतो. तेच पाणी खालच्या अंगाला गुरे पितात, बाया भरतात. विहिरीपासूनही लांब धुवा. ते पाणी परसातल्या भाजीलाही सोडू नका.

पण पावसाळ्यात चिखलातून गाडी आणली तर आळस करू नका. मडगार्डच्या आत आणि दारांच्या खालच्या कडेला चिखल साचतो. तो ओल धरून ठेवतो आणि आतून पत्रा गंजतो. दारांच्या खाली पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती बुजली नाहीत ना, बघा. टेम्पोतून खत आणले असेल तर हौदा त्याच दिवशी झाडून धुवा. सांडलेले खत मिठासारखे पत्रा खाते.

कोंबडी, बकरी आणि पापड

आता हसू नका. चरे फक्त धुताना पडत नाहीत.

रात्री टपावर कोंबड्या बसतात. दुपारी बॉनेटवर बकरी चढते. आपणच टपावर पापड वाळत घालतो, गवताचा भारा टेकवतो, दुधाची किटली ठेवतो. मग म्हणतो, "गाडी दोन वर्षांत जुनी दिसायला लागली!"

पाखराची शीट पडली तर ती तिथेच राहू देऊ नका. उन्हात ती रंगात मुरते आणि डाग कायमचा बसतो. पण कोरडी खरवडू नका. ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवा. मऊ झाली की अलगद उचलून घ्या. झाडाचा चीक पडला तरी तो ताजा असतानाच काढा.

गाडीवर कापड झाकत असाल तर धुतलेल्या गाडीवर झाका. धुळीच्या गाडीवर झाकलेले कापड वाऱ्याने हलते आणि रात्रभर घासत राहते.

उद्याच्या पूजेबद्दलही सांगतो. हार अवश्य घाला. पण झेंडूचा हार कधी कधी तारेत ओवलेला असतो. तारेचे टोक रंगाला लागू देऊ नका. हार दोऱ्यात ओवून घ्या. हळद-कुंकू लावा, स्वस्तिक काढा, पण ते चार दिवस उन्हात राहू देऊ नका, डाग पडतो. नारळ फोडायचा तो जमिनीवरच्या दगडावर. बंपरवर नव्हे.

मेण

धुतलेल्या, कोरड्या गाडीला तीन-चार महिन्यांतून एकदा मेण लावावे. हे मेण मधमाश्यांचेच असते असे नाही. ब्राझील देशात ताडाच्या जातीचे एक झाड आहे. त्याच्या पानांवर मेणाचा थर असतो. ते मेण गाडीच्या मेणात वापरतात. काही मेणे कारखान्यात तयार होतात.

सावलीत, थोडेसे मेण घेऊन पातळ हात फिरवावा. वाळले की मऊ फडक्याने पुसून काढावे. जाड थर दिला म्हणजे जास्त टिकतो, असे नाही.

मेण आहे की गेले, हे ओळखायची खूण सोपी आहे. पाणी शिंपडा. अळवाच्या पानावर जसे मोती होतात, तसे थेंब उभे राहिले तर मेण आहे. पाणी पसरले तर मेण गेले.

इथे एक सावधगिरी. बाजारात मेणाची डबी मिळते, तशीच रबिंग कंपाउंडचीही डबी मिळते. दोन्ही दिसायला सारख्या. पण मेण रंगावर थर देते आणि कंपाउंड रंगाचा थर झिजवते. माझ्या ओळखीच्या एकाने दर पंधरा दिवसांनी कंपाउंड मेण समजून चोळले. वर्षाने दाराच्या कडेचा रंग उडून अस्तर दिसू लागले. त्याला डबीवरचे वाचता येत नव्हते. पुढे त्याने गाडी विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाने एवढ्याच कारणावरून दहा हजार रुपये कमी केले. मंडळी, दोन शब्द वाचता न येण्याची किंमत दहा हजार रुपये!

चरा पडलाच तर

चऱ्यावर पाणी लावा. ओला असताना तो दिसेनासा झाला तर तो फक्त वरच्या थरात आहे. घाबरू नका. मग त्याच्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही, तर जाणत्या कारागिराकडून पॉलिश करून घेतले की तो जातो. पण पॉलिशने थर थोडा झिजतो, म्हणून वरचेवर करू नये.

नख अडकले आणि आत करडे अस्तर किंवा पत्रा दिसला, तर थांबू नका. तिथून गंज शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. जागा धुऊन वाळवा. त्याच रंगाची लहान बाटली आणून बारीक कुंचल्याने तेवढ्याच जागेवर लावा. रंगाचा नंबर गाडीवरच लिहिलेला असतो. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली पट्टी असते. तीही वाचायची आहे. गंज आधीच धरला असेल किंवा चरा मोठा असेल, तर गाडी रंगाऱ्याकडे न्या.

काकूचे नाव

आता शेवटची गोष्ट. जिची आहे तिला विचारून सांगतो.

मी गावी परत आलो. २०१९ साली एक जुनी, गडद निळी गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या धुतल्या, ही पहिली स्वतःची. तिला मी कोणाला हात लावू देत नसे.

त्याच सुमारास माझी काकू या वर्गात येऊ लागली. मला लहानाचे मोठे तिने केले. जन्मभर अंगठा उठवत आली होती. एका संध्याकाळी मी बाजारातून आलो. गाडीवर धुळीचा थर होता. मी घरात पाणी पीत होतो. बाहेर येऊन बघतो, तर काकू बॉनेटवर बोटाने काहीतरी गिरवते आहे.

मी ओरडलो, "काकू, हात काढ! काय केलंस हे?"

काकूने हात असा मागे घेतला, जसा काही विस्तवावर पडला होता. एक शब्द बोलली नाही. आत गेली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी विचारले, तर म्हणाली, "डोळे दुखतात."

चौथ्या दिवशी मी गाडी धुतली. धूळ गेली, ऊन पडले, आणि बॉनेटवर बारीक रेघा चमकल्या. मी वाकून बघितले. ते काकूचे नाव होते. एक काना जरा वाकडा होता, एवढेच. बासष्टाव्या वर्षी तिला आपले नाव लिहिता आले होते आणि ते मला दाखवायला तिला पाटी सापडली नव्हती. समोर गाडी होती. तिने तिची पाटी केली.

मी पॉलिशची डबी आणली. झाकण उघडले. दहा मिनिटांचे काम होते. मुंबईत असले शेकडो चरे मी काढले होते.

मी झाकण परत लावले. घरात जाऊन काकूला हाताला धरून बाहेर आणले आणि म्हटले, "काकू, हे काय लिहिलंय, वाच बरं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग एकेक अक्षरावर बोट न टेकवता, हवेतूनच बोट फिरवत तिने आपले नाव वाचले. आणि म्हणाली, "खराब झाली रे तुझी गाडी."

मी म्हटले, "नाही काकू. माझंच चुकलं."

त्या संध्याकाळी मी तिला पाटी आणून दिली. ती पुन्हा वर्गाला येऊ लागली. आज मागच्या ओळीत बसली आहे. पदर तोंडाला लावून हसते आहे, बघा.

मंडळी, ही गोष्ट ऐकून तुम्ही आपल्या पोरांना गाडीवर नाव लिहायला सांगू नका. धुळीवर बोट फिरवले की खाली चरा पडतो, हे तुम्हाला आता कळले आहे. नाव पाटीवर लिहा, वहीत लिहा, बँकेच्या कागदावर अंगठ्याच्या जागी लिहा. गाडी जपा. ती घामाच्या पैशाची, नाहीतर कर्जाची असते. पण गाडी जपताना माणूस दुखावू नका. रंगाचा चरा पॉलिशने निघतो. तो दुसरा चरा काढायला मला चार दिवस लागले, आणि तोही काकूचे मन मोठे म्हणून निघाला.

उद्या सकाळी माझी गाडी दारात धुणार आहे. दोन बादल्या, तीन फडकी तयार ठेवली आहेत. ज्यांना बघायचे असेल त्यांनी जरूर या. टेम्पोवाल्या दादा, तू तर येच. पण येताना तो काथ्या घरी भांड्यांजवळ ठेवून ये.

आणि बॉनेटवरचे नाव उन्हात बघायचे असेल, तर नऊच्या पुढे या.

राम राम!